गावाचा इतिहास गोळा करतोय, लोक जुन्या कागदांची दप्तरं आणून देतायत; ती ठेवायची कुठं?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय. इथं मोडी वाचणारे आणि गावोगाव हिंडणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठाला. गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी देखावा न करता गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. घराघरांतून फ्रेमा उतरवून आणल्या, फोटोवरून फोटो काढून मोठे प्रिंट केले आणि फ्रेमा त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांचा एक फोटो होता. त्याच्यापुढून म्हाताऱ्या बायका हलायला तयार नव्हत्या. ही आमची थोरली जाऊ, ही तिची नणंद, हिच्या कडेवरचं पोर आता मुंबईला असतं, असं चाललेलं. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चवसुद्धा निघाली. आमच्यातल्या दोन कॉलेजच्या पोरी वही घेऊन बसल्या आणि फोटोतली जवळजवळ सगळी नावं लिहून घेतली.

तिथून हे वेड लागलं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या गावातून कोण कोण गेलं होतं, गोळीबारानंतर कुठल्या वाटेनं परतले, रात्री कुणाच्या कडब्याच्या गंजीत लपले, हे कुठंच लिहिलेलं नाही. सांगणारं आता एकच घर उरलंय. हे गेलं की संपलं, हा विचार मला झोपू देत नाही.

आता अडचणी. गावातला कुलकर्ण्यांचा जुना वाडा पुढच्या महिन्यात उतरवणार आहेत. माडीवर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. थोरले भाऊ म्हणतात, सगळं तुमच्या मंडळाला घ्या. धाकटे पुण्यात असतात, ते म्हणतात एकही कागद घराबाहेर जाणार नाही, उद्या कोणी जमिनीवर हक्क सांगत येईल. ग्रामपंचायत एक खोली देते म्हणते, पण ती पावसात गळते. दुसरं, मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय आणि पारावरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, ऑइलपेंटने रंगवून भिंतीत बसवायचं ठेकेदाराच्या मनात आहे. लोकांना तेच छान दिसेल असं वाटतंय. तिसरं, संस्था नोंदवावी का? आम्ही सध्या फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक कपाट आहोत.

बोरू

दादा, आधी वाड्याचं बोलते, कारण तिथं वेळ कमी आहे.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकले आणि कऱ्हाड भागातल्या लोकांचे कागद वाचून देते. तुमच्यासारख्या मंडळांना माझं एकच सांगणं असतं: कागद घेऊ नका, नक्कल घ्या. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी परत गेला पाहिजे, आणि तोही कबूल केलेल्या दिवशी. गणपतीत फ्रेमा त्याच संध्याकाळी परत केल्यात ना, लोकांनी दप्तरं आणायला सुरुवात केली ती त्यामुळेच. गावातली मंडळं उत्साहानं उभी राहतात, मग कोणाची बदली होते, कोणी आजारी पडतं, आणि दुसऱ्यांची दप्तरं तिसऱ्याच्याच माळ्यावर सापडतात. पुढच्या पिढीला ती कुणाची हेही माहीत नसतं. गळक्या खोलीत तर अजिबात ठेवू नका. जुनी शाई काजळाची असते, पाण्यानं ती सरळ वाहून जाते.

धाकट्या भावांची भीती खोटी नाही, तिला हसण्यावारी नेऊ नका. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी गावोगाव मोडी कागद शोधले गेले. तेव्हापासून मोडीतल्या एका ओळीला काय किंमत येऊ शकते हे सगळ्यांना कळलंय. म्हणून दोघा भावांना एकत्र बसवा. साध्या कागदावर लिहून घ्या: कागद मालकाचे, मंडळ फक्त फोटो काढणार, कोणता फोटो लोकांना दाखवायचा ते घर ठरवणार. दत्तक, कर्ज, वाटणी, कुणाच्या लग्नाचा तंटा असं काही निघालं तर ते बंद पाकिटात राहील हेही लिहा. दोघांच्या सह्या घ्या. वाडा उतरेपर्यंत कागद थोरल्यांच्याच नव्या घरी हलवा.

पुढेमागे त्यांना कायमचे द्यायचेच झाले तर ज्यांचं कामच ते आहे त्यांना द्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी काढलेलं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. देताना सगळ्या वारसांची संमती लेखी हवी. एकट्या थोरल्यांच्या शब्दावर नको.

रुमाल उघडताना मी काय करते ते सांगते. कोरडा दिवस बघायचा. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरायची आणि तिच्यावर रुमाल सोडायचा. पहिली घडी उलगडली की बारीक वाळू गळते. ती झटकून टाकायची घाई करू नका, लिहिणाऱ्यानं शाई सुकवायला टाकलेली वाळू आहे ती, अडीचशे वर्षं घडीत बसलेली. मला ती बघून दर वेळी भरून येतं. कागद ज्या क्रमानं बांधलेले निघतील तो क्रम मोडायचा नाही, कारण शेजारशेजारचे कागद बहुधा एकाच तंट्याचे असतात. प्रत्येकाला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला शेजारी बसवायचंच नाही. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, चुरगळ काढायला इस्त्री नाही. लॅमिनेशननं कागद मेला म्हणून समजा, परत सोडवता येत नाही.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. बाजूला पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. पाठीमागच्या बाजूचाही फोटो हवाच. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असतो आणि कुणी मधला तुकडा बदलू नये म्हणून जोडावर मागून शिक्का मारलेला असतो. लोक नेमकी ती बाजू सोडतात. झालं की खळ नसलेल्या सुती कापडात परत बांधायचं, वेखंडाची पुरचुंडी कागदाला न लागता ठेवायची आणि पेटी ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब.

माणदेशी

वीरगळाचं मी सांगतो. दादा, तो रंग आजच्या आज थांबवा. ठेकेदाराशी भांडू नका, सरपंचाला आणि देवळाच्या पुजाऱ्याला पारावर घेऊन जा आणि दगडावर काय आहे ते बोट ठेवून दाखवा.

सगळ्यात खाली वीर पडलेला असेल, त्याच्या वर लढाई. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसल्या तर तो माणूस गावचं गोधन सोडवताना मेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, आणि सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करत बसलेला. माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती. शेजारी एखाद्या दगडावर कोपरात वाकवलेला बांगड्यांचा हात असेल तर ती सतीशिळा. आमच्याकडे एका सरपंचांना असं दाखवलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे हा आपल्यापैकीच कोणतरी. त्यानंतर रंगाचा डबा परत दुकानात गेला. ऑइलपेंट भरला की चौकटीतल्या गाई, ढाल, केसांचा अंबाडा, सगळं बुजून नुसता लाल-निळा ठोकळा उरतो, आणि काढायला गेलं तर कोरीव काम सालासकट निघतं. ॲसिड, तारेचा ब्रश, पाण्याचा जोराचा फवारा, काहीही नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच. शेंदूर लागलेला असेल तर खरवडू नका. पूजा चालू आहे म्हणून तर तो दगड आजवर टिकला.

हलवायचेच असतील तर आधी आहे त्या जागेवर चारी बाजूंनी फोटो, तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा, मोबाईलवरून जागेची खूण घ्या. जमिनीत किती गाडलेत बघा, कधी कधी लेख नेमका मातीखाली असतो. भिंतीत सिमेंटनं जखडू नका. पाराजवळच ओटा करून, वर पत्र्याची का होईना सावली करून उभे करा. पायाच्या खोदाईत नाणी, भांडी काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांच्या वरचं काहीही त्यात येतं, हे ठेकेदाराला आधीच सांगा. सोबत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला फोटोंसह एक पत्र टाका.

आणि पुसट अक्षरं दिसली तर दिवसा डोकं खाजवत बसू नका. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला चिकटवल्यासारखी कडेनं धरा, आडव्या उजेडात खाच न्‌ खाच उठून दिसते. अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख बघा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ असा त्याचा काळ वाचला गेलाय. तो दगडही वर्षानुवर्षं रस्त्याकडेलाच होता.

सातारी वकील

नोंदणीबद्दल थोडक्यात. किमान सात सभासद लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयातच होतात. नोंदलं की दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज, आणि तो वेळेत दिला नाही तर पुढे फार त्रास. पैसे येत नाहीत तोवर घाई नको. खोली मात्र तोंडी घेऊ नका, ग्रामसभेचा ठराव करून घ्या. सरपंच बदलले की तोंडी शब्द बदलतो.

वेशीबाहेर

सगळं वाचलं. काम चांगलं आहे, म्हणून एक विचारतो. तुमच्या प्रदर्शनात बौद्धवस्तीतल्या घरांचे फोटो किती होते? रामोशी, धनगर, मातंग यांच्या घरचे?

मी राग धरून लिहीत नाही. माझ्या आजोबांच्या घरी रुमाल नव्हता आणि माडीही नव्हती. गावाचा इतिहास वाड्यातल्या कागदांवरून लिहायचा ठरवला तर आम्ही त्यात फक्त कामगार म्हणून येणार. पण खरं बघायला गेलं तर शिवेचा तंटा पडला की गावाला महाराचीच साक्ष लागायची. शीव कुठून जाते, कोणता दगड कुणाचा, कोणत्या ओढ्यानं पूर्वी वळण घेतलं, हे त्याच्या पायांना माहीत होतं. गावाचा नकाशा आमच्याच लोकांनी डोक्यात वाहिला.

तर आमच्याकडे काय शोधायचं? पत्र्याच्या पेट्या उघडायला सांगा. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, त्यात गेलेल्यांची डिस्चार्ज बुकं, पेन्शनचे कागद घरात असतात. १९५८ च्या कायद्यानं महारकीसारखी कनिष्ठ वतनं गेली, त्या वेळच्या नोंदींत वतनदार म्हणून बापजाद्यांची नावं मिळतात. धर्मांतरानंतर पहिलं बौद्ध पद्धतीचं लग्न गावात कुणाचं लागलं, आडाचं पाणी कधी खुलं झालं, वस्तीतला पहिला मॅट्रिक कोण, हे विचारा. आणि बायकांना विचारा. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या, लाखाच्या वर भरल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत, नवऱ्याच्या माराच्या आहेत, दळण संपत नाही म्हणून आलेल्या संतापाच्याही आहेत. दप्तरात असलं काही सापडत नाही. माझ्या आईला येत होत्या त्या मी टेपवर घेतल्या म्हणून आज आहेत.

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाचं घेतो.

वेशीबाहेर दादा, खडी फोडणाऱ्या बायकांच्या फोटोत सगळ्या वस्त्यांतल्या बायका आहेत, पण घरातून उतरवलेल्या फ्रेमा बहुतेक गावठाणातल्याच. पुढची बैठक वस्तीतल्या समाजमंदिरात लावलीय. ओव्या घ्यायला त्याच दोन कॉलेजच्या पोरी जातील, बायका आमच्यासमोर गाणार नाहीत. तुम्ही लिहिलेले प्रश्न मी जसेच्या तसे त्यांच्या वहीत उतरवून दिलेत.

माणदेशी भाऊ, रंग थांबलाय. सरपंच स्वतः पारावर आले होते. एका वीरगळावर खाली गाई आहेत, स्पष्ट. पुजारीबुवा म्हणाले, लहानपणापासून पाणी घालतोय पण गाई आज दिसल्या. ओटा करायचं ठरलंय.

बोरूताई, दोघे भाऊ काल फोनवर बोलले. नक्कल घेऊन कागद परत, या अटीवर धाकटेही तयार झाले. स्वतः येऊन बसणार आहेत. थोरल्यांनी वरच्या कागदाचा फोटो पाठवलाय. देवनागरी वळणाच्या चिठ्ठीवर कुणीतरी नंतर लिहून ठेवलंय: ‘महजर शिवेचा. सु॥ सलास सबैन मया व अलफ, छ १२ रबिलावल.’ खाली ओळीनं नावं आणि नावांपुढे छोटी छोटी चित्रं आहेत. हे काय प्रकरण आहे?

बोरू

दादा, फार चांगला कागद निघाला!

‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, जुन्या कागदांतली वर्षं मोजायची पद्धत. तो अरबी आकड्यांत लिहितात, एककापासून सुरुवात करून. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७३. मृगाला, जूनच्या सुरुवातीला हा सन बदलतो. त्यात ५९९ मिळवले की १७७२ येतं. जानेवारीपासून पुढचा महिना असता तर ६०० मिळवले असते. छ म्हणजे चंद्र, रबिलावलचा बारावा चंद्र. त्या वर्षी रबिलावल जूनमध्ये येतो. म्हणजे जून १७७२, पेरणीचे दिवस. थोरले माधवराव पेशवे तेव्हा हयात होते, त्याच वर्षी नोव्हेंबरात थेऊरला वारले. तोंडावर पेरणी असताना गाव गोळा करून शिवेचा महजर, म्हणजे साक्षी घेऊन केलेला लेखी निवाडा, केला म्हणजे तंटा चांगलाच पेटलेला असणार.

खालची चित्रं म्हणजे निशाण्या. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या कामाचं अवजार काढे. पाटलाचा नांगर असेल, तो सगळ्यात वर शोधा. न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, असं एकेक सापडेल. वेशीबाहेर दादांनी जे लिहिलं तेच ह्या कागदात असणार. शिवेचा महजर आहे, तेव्हा महारांची नावं साक्षीत येणारच. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आणि सातारकर महाराजांचं दप्तर आहे, तिथं ह्याच तंट्याची दुसरी बाजू मिळायची शक्यता आहे. शेजारचं गाव कोणतं आणि ते पुढे औंध संस्थानात राहिलं की इंग्रजी अमलात गेलं, ते आधी बघून ठेवा, शोधायला सोपं जाईल.

तुम्ही पाठवलेला फोटो वरून आणि फ्लॅश मारून काढलाय, मधल्या तीन ओळी चमकल्यात. भाऊ आले की खिडकीपाशी पुन्हा काढा, एकावर एक थोडे चढलेले चार तुकडे करून, आणि जोडांची मागची बाजू वेगळी. ते आलं की मी पूर्ण वाचून देवनागरीत उतरवून देते. तोपर्यंत साक्षीदारांची नावं तुमच्या वहीत ओळीनं मांडायला जागा सोडा, एकही गाळायचं नाही. आडनावं नसतील, फक्त नाव, बापाचं नाव आणि निशाणी असेल. निशाणी शब्दात लिहू नका, आहे तशी काढून घ्या.